मल्टिपल स्क्लेरोसिस : दीर्घकालीन अपंगत्व ठरविणारे घटक

कोणत्याही देशाच्या आरोग्यस्थितीचा विचार करताना मृत्युदर आणि सरासरी आयुर्मान या दोन निर्देशांकांवर सामान्यतः भर दिला जातो. परंतु काही आजार माणसाचा जीव तातडीने घेत नाहीत. ते त्याची उमेदीची आणि कमावती वर्षे हिरावून घेतात. अशा आजारांचा भार मृत्युदरात दिसत नाही. त्यामुळेच जागतिक बँकेच्या १९९३ च्या जागतिक विकास अहवालात अकाली मृत्यूमुळे गमावलेली वर्षे आणि अपंगत्वासह जगलेली वर्षे यांची एकत्रित मोजणी करणारा निर्देशांक मांडण्यात आला. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच संक्षेपाने ‘एमएस’, हा या दुसऱ्या प्रकारच्या भाराचे ठळक उदाहरण असलेला आजार होय.

जगातील सुमारे २८ लाख लोकांना हा आजार असल्याचा अंदाज २०२० मध्ये एमएस आंतरराष्ट्रीय महासंघाच्या जागतिक पाहणीत व्यक्त करण्यात आला. निदानाचे सरासरी वय ३२ वर्षे असून स्त्रियांमधील प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून अधिक आहे. शिक्षण पूर्ण करून नोकरी, विवाह आणि संसार यांची घडी बसविण्याच्या वयातच हा आजार गाठतो. मात्र त्याची वाटचाल सर्वांमध्ये सारखी नसते. एकाच वयात निदान झालेल्या दोन व्यक्तींपैकी एक २० वर्षांनंतरही कार्यालयात नियमित काम करीत असते, तर दुसरीला १० वर्षांतच चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागतो. हा फरक का पडतो आणि त्यातील किती भाग मानवी प्रयत्नांनी बदलता येतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रोगाचे स्वरूप

फ्रेंच चेताशास्त्रज्ञ ज्याँ-मार्तें शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिस येथील सालपेत्रिएर रुग्णालयात या आजाराचे पद्धतशीर वर्णन केले. मेंदू आणि मेरुरज्जू यांतील चेतापेशींच्या लांब तंतूंभोवती, म्हणजेच अक्षतंतूंभोवती, मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण असते. विजेच्या तारेवरील आवरणाप्रमाणे ते असते आणि त्यामुळे चेतासंदेश वेगाने वाहतात. एमएसमध्ये शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा याच आवरणावर हल्ला करते. दाह होऊन आवरण झिजते, तेथे कठीण चट्टे तयार होतात आणि कालांतराने आतील अक्षतंतूही नष्ट होतात. आवरणाची काही अंशी दुरुस्ती होऊ शकते. नष्ट झालेला अक्षतंतू मात्र पुन्हा उभा राहत नाही. कायमच्या अपंगत्वाचे मूळ येथे आहे.

सुमारे ८५ टक्के रुग्णांमध्ये आजाराची सुरुवात ‘झटका आणि उतार’ या स्वरूपात होते. एका डोळ्याची दृष्टी अंधुक होणे, हातापायांना बधिरता येणे, तोल जाणे, लघवीवरील नियंत्रण कमी होणे अशी लक्षणे काही दिवसांत वाढतात आणि काही आठवड्यांत पूर्णतः वा अंशतः ओसरतात. यांपैकी अनेकांमध्ये पुढे झटके विरळ होत जातात. पण दुर्बलता हळूहळू वाढू लागते. यास दुय्यम वर्धिष्णू अवस्था म्हणतात. १० ते १५ टक्के रुग्णांमध्ये मात्र आरंभापासूनच झटक्यांविना सतत ऱ्हास होतो. यास प्राथमिक वर्धिष्णू प्रकार म्हणतात.

अपंगत्वाला दोन वाटा आहेत. पहिली, प्रत्येक झटक्यानंतर अपुरी राहिलेली सुधारणा. दुसरी, झटका न येताही मेंदूत संथपणे चालू राहणारा ऱ्हास. दुसरी प्रक्रिया केवळ उत्तरावस्थेत सुरू होते, असे पूर्वी मानले जाई. अलीकडील संशोधनाने ती आजाराच्या प्रारंभीच्या काळातही चालू असल्याचे दाखवून दिले आहे. ‘झटका नाही म्हणजे आजार थांबला’ असे समजणे त्यामुळेच धोक्याचे ठरते.

अपंगत्वाचे मोजमाप

अमेरिकन चेताशास्त्रज्ञ जॉन कुर्ट्झके यांनी १९८३ मध्ये मांडलेली विस्तारित अपंगत्व श्रेणी जगभर वापरली जाते. ही श्रेणी ० ते १० अशी आहे. ० म्हणजे तपासणीत कोणताही दोष नाही. ६ म्हणजे सुमारे १०० मीटर चालण्यासाठी काठीसारख्या आधाराची गरज. ७ म्हणजे प्रामुख्याने चाकांच्या खुर्चीवर अवलंबित्व आणि १० म्हणजे आजारामुळे मृत्यू. या श्रेणीची एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. तिचा वरचा अर्धा भाग मुख्यत्वे चालण्याच्या क्षमतेवर बेतलेला आहे. तीव्र थकवा, स्मरण व एकाग्रतेतील घट आणि नैराश्य यांमुळे माणूस कामापासून दुरावतो. तरीही या श्रेणीवर त्याचा अंक कमीच दिसू शकतो.

कॅनडातील ओंटारिओ प्रांताच्या लंडन शहरातील रुग्णांच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात निम्म्या रुग्णांना ६ या पायरीपर्यंत पोहोचण्यास सुमारे १५ वर्षे लागल्याचे आढळले. त्याच देशातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या २००६ मधील अभ्यासात हाच कालावधी सुमारे २८ वर्षांचा निघाला. रुग्णांची निवड व मोजणीची पद्धत बदलली की निष्कर्ष किती बदलतात, याचे हे उत्तम उदाहरण होय.

फ्रान्समधील ब्रिटनी प्रांतातील २ हजारांहून अधिक रुग्णांच्या २०१० मधील अभ्यासाने या विषयाला महत्त्वाची कलाटणी दिली. त्यानुसार अपंगत्वाचा प्रवास दोन टप्प्यांत होतो. ३ या पायरीपर्यंतचा पहिला टप्पा अत्यंत अनिश्चित असतो. कोणी तो थोड्या वर्षांत ओलांडतो, तर कोणाला १५ वर्षे लागतात. परंतु ३ पासून ६ पर्यंतचा दुसरा टप्पा, पहिला कितीही लांब वा आखूड असो, साधारणतः ६ ते ९ वर्षांत पूर्ण होतो. याचा अर्थ असा की, रुग्णारुग्णांतील खरा फरक पहिल्या टप्प्यात पडतो. हस्तक्षेपाची उत्तम संधीही तेथेच असते.

बदलता न येणारे घटक

(१) वय : आजार जितक्या उशिरा वयात सुरू होतो, तितक्या कमी वर्षांत अपंगत्व येते. वयानुसार मेंदूची दुरुस्तीची क्षमता घटते, हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. तरुण वयात आजार जडलेल्यांना अपंगत्वाची पायरी गाठण्यास अधिक वर्षे लागत असली, तरी ते ती पायरी कमी वयातच गाठतात, हेही विसरता येत नाही.

(२) लिंग : आजार स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, परंतु सरासरीने पाहता पुरुषांमध्ये अपंगत्व अधिक वेगाने वाढते.

(३) आजाराचा प्रकार आणि पहिली लक्षणे : प्राथमिक वर्धिष्णू प्रकारात अपंगत्व लवकर येते. दृष्टिचेतेचा दाह किंवा केवळ बधिरता यांनी सुरू होणारा आजार तुलनेने सौम्य वाटचाल करतो. स्नायूंची दुर्बलता, तोल जाणे वा मूत्रनियंत्रणातील बिघाड यांनी सुरू होणारा आजार अधिक कठीण ठरण्याची शक्यता असते.

(४) अनुवंश : आजार होण्याचा धोका वाढविणारी जनुके आणि त्याची तीव्रता ठरविणारी जनुके एकच असतात असे नाही. २०२३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात १२ हजारांहून अधिक रुग्णांवरील आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात तीव्रतेशी निगडित असा एक जनुकीय बदल प्रथमच निश्चितपणे आढळला. माता आणि पिता या दोघांकडूनही तो बदल लाभलेल्या व्यक्तींना चालण्यासाठी आधाराची गरज मध्यमानाने सुमारे ३.७ वर्षे लवकर भासली.

येथे कारणघटक आणि तीव्रताघटक यांतील भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. अमेरिकन सैन्यदलातील १ कोटीहून अधिक व्यक्तींच्या नोंदींवर आधारित २०२२ मधील अभ्यासात एपस्टीन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएस होण्याचा धोका ३२ पटींनी वाढल्याचे दिसून आले. हा निष्कर्ष आजार का होतो याविषयी आहे. आजार झाल्यानंतर अपंगत्व किती वेगाने वाढेल, याविषयी नाही.

आरंभीच्या वर्षांतील खुणा

निदानानंतरची पहिली काही वर्षे पुढील वाटचालीचा अंदाज देतात. पहिल्या २ वर्षांत झटक्यांची संख्या अधिक असणे, पहिल्या दोन झटक्यांतील अंतर कमी असणे आणि झटक्यानंतर पूर्ण सुधारणा न होणे या प्रतिकूल खुणा मानल्या जातात. एमआरआय तपासणीत चट्ट्यांची संख्या अधिक असणे, विशेषतः ते मेरुरज्जू किंवा मस्तिष्कस्तंभ येथे असणे, तसेच मेंदूचे आकारमान वेगाने घटणे हीही धोक्याची लक्षणे होत. क्षतिग्रस्त अक्षतंतूंतून बाहेर पडणारे न्यूरोफिलामेंट नावाचे प्रथिन आता रक्तातही मोजता येते.

या खुणा म्हणजे भविष्यवाणी नव्हे. त्या एखाद्या समूहाविषयी शक्यता सांगतात, विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय देत नाहीत. शिवाय यांपैकी अनेक निष्कर्ष परिणामकारक औषधे उपलब्ध होण्यापूर्वीच्या काळातील रुग्णांवर आधारलेले आहेत.

बदलता येणारे घटक

निदानातील विलंब : पहिला झटका आपोआप ओसरत असल्याने रुग्ण निर्धास्त होतो. अंधुक दृष्टीसाठी एका तज्ज्ञाकडे, बधिरतेसाठी दुसऱ्याकडे आणि थकव्यासाठी तिसऱ्याकडे जाण्यात काही वेळा वर्षे निघून जातात. या तक्रारी एकाच आजाराच्या आहेत, हे ध्यानात येत नाही. २००१ मध्ये मांडण्यात आलेल्या मॅकडोनल्ड निकषांनी एमआरआयला निदानात मध्यवर्ती स्थान दिले. २००५, २०१० आणि २०१७ मधील सुधारणांमुळे पहिल्या झटक्यानंतर लगेच निदान होण्याची शक्यता क्रमाने वाढली. चुकीचे निदान हाही तितकाच गंभीर प्रश्न आहे. दृष्टिचेता व मेरुरज्जू यांना ग्रासणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा वेगळा आजार एमएससारखाच भासतो. २००४ मध्ये त्याचा निदर्शक असलेले प्रतिपिंड सापडल्याने आता रक्ततपासणीद्वारे बहुतेकदा भेद करता येतो. तो न केल्यास एमएसवरील काही औषधे अशा रुग्णास अपायकारक ठरतात.

औषधोपचाराची वेळ व निवड : १९९३ मध्ये अमेरिकेत बीटा इंटरफेरॉनला मान्यता मिळाली आणि आजाराची वाटचाल बदलणाऱ्या औषधांचे युग सुरू झाले. २०१० मध्ये तोंडावाटे घेण्याचे पहिले औषध आले; २०१७ मध्ये प्राथमिक वर्धिष्णू प्रकारासाठीच्या पहिल्या औषधाला तेथे मान्यता मिळाली. २०२० मधील एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात प्रभावी औषधे आजाराच्या पहिल्या २ वर्षांत सुरू झालेल्या आणि ४ ते ६ वर्षांनी सुरू झालेल्या रुग्णांची तुलना करण्यात आली. आरंभापासून ६ ते १० वर्षांच्या काळात पहिल्या गटातील अपंगत्व स्पष्टपणे कमी राहिले. ही औषधे प्रतिकारशक्ती दडपत असल्याने संसर्गाचा धोका वाढतो. क्षयरोग व कावीळ ‘ब’ यांची पूर्वतपासणी आणि आवश्यक लसीकरण यांना म्हणूनच महत्त्व आहे.

धूम्रपान : स्वीडनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, निदानानंतर धूम्रपान चालू ठेवल्यास प्रत्येक वाढीव वर्षागणिक दुय्यम वर्धिष्णू अवस्थेकडे जाण्याचा कालावधी ४.७ टक्क्यांनी घटतो. ज्यांनी निदानानंतर धूम्रपान सोडले त्यांना ही अवस्था उशिरा आली. निदानानंतरही धूम्रपान सोडण्याचा लाभ मिळतो, हा यातील महत्त्वाचा बोध होय.

सहव्याधी : उत्तर अमेरिकेतील रुग्णनोंदीवर आधारित २०१० च्या अभ्यासात निदानाच्या वेळी मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार यांसारखी रक्तवाहिन्यांशी निगडित व्याधी असलेल्यांना चालण्यासाठी आधाराची गरज मध्यमानाने १२.८ वर्षांत भासली. अशी व्याधी नसलेल्यांना १८.८ वर्षांत. सहा वर्षांचा हा फरक ज्या व्याधींमुळे दिसतो, त्यांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही होऊ शकते.

जीवनमान व शिक्षण : नियमित व्यायामाने स्नायूंची ताकद टिकते, थकवा कमी होतो आणि चालण्यात सुधारणा होते. रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता व आजाराची सक्रियता यांचा संबंध आढळला आहे. पूरक मात्रेच्या लाभाविषयीचे निष्कर्ष मात्र एकसारखे नाहीत. २०२३ च्या वर उल्लेखिलेल्या जनुकीय अभ्यासात अधिक वर्षांचे शिक्षण हे मंद वाटचालीशी निगडित असल्याचेही संकेत मिळाले. मेंदूची राखीव क्षमता हे त्यामागील एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

दोन गैरसमजही दूर होणे गरजेचे आहे. उष्णतेमुळे लक्षणे तात्पुरती वाढतात, हे जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उट्‌होफ यांनी १८९० मध्ये नोंदविले. भारतीय उन्हाळ्यात हा अनुभव वारंवार येतो. पण त्यामुळे चेतातंतूंची नवी हानी होत नाही. दुसरा गैरसमज मातृत्वाविषयीचा आहे. १२ युरोपीय देशांतील स्त्रियांच्या १९९८ मधील अभ्यासात गरोदरपणाच्या अखेरच्या तिमाहीत झटके सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि प्रसूतीनंतरच्या तिमाहीत ते वाढले. पुढील पाठपुराव्यात गरोदरपणामुळे अपंगत्वाची गती वाढल्याचे दिसले नाही. निदान झाले म्हणून विवाह वा मातृत्व नाकारण्यास वैद्यकीय आधार नाही.

भारतीय संदर्भ

एमएस हा शीत प्रदेशातील आजार असून भारतात तो दुर्मीळ आहे, असा समज दीर्घकाळ होता. १९८० च्या दशकात मुंबईतील पारशी समाजाच्या पाहणीत मात्र दर लाख लोकसंख्येमागे २० हून अधिक रुग्ण आढळले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मंगळूर शहरातील पाहणीत हे प्रमाण दर लाखामागे ८ हून अधिक होते. पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत हे आकडे कमी असले, तरी भारताच्या लोकसंख्येचा विचार करता एकूण रुग्णसंख्या दुर्लक्षणीय ठरत नाही. १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेने रुग्णसाहाय्य व जनजागृतीचे कार्य केले आहे.

औषधांची किंमत हा कळीचा मुद्दा आहे. रिटुक्सिमॅब हे मूळचे कर्करोगावरील औषध एमएसमध्येही वापरले जाते. त्याची भारतीय बनावटीची समरूप आवृत्ती २००७ मध्ये बाजारात आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये रिटुक्सिमॅबसह एमएसवरील तीन औषधांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत प्रथमच समावेश केला. २०१८ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत - प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत प्रति कुटुंब वार्षिक ५ लाख रुपयांचे संरक्षण आहे. परंतु ते मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. एमएसमध्ये मात्र वर्षानुवर्षे घरी घ्यावयाची औषधे, बाह्यरुग्ण तपासण्या व भौतिकोपचार यांचा खर्च मोठा असतो. झटका आल्यावरचा उपचार योजनेत बसतो; पण झटका टाळणारे रोजचे औषध बसत नाही, अशी विसंगती त्यातून निर्माण होते.

कायदा आणि सामाजिक पर्यावरण

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ मधील वर्गीकरणानुसार अपंगत्व हे केवळ शरीरात नसते. शारीरिक स्थिती आणि सभोवतालचे पर्यावरण यांच्या परस्परक्रियेतून ते घडते. उद्वाहक नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कार्यालय असेल, तर ४ या पायरीवरील व्यक्तीही नोकरी गमावू शकते. योग्य सोयी असल्यास ७ या पायरीवरील व्यक्ती काम करू शकते. हाच दृष्टिकोन संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात असून भारताने त्यास २००७ मध्ये अनुसमर्थन दिले.

त्यास अनुसरून आलेल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि एमएसचा समावेश ‘दीर्घकालीन चेतासंस्थाविषयक स्थिती’ या गटात केला. कलम २० (४) नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आल्यास शासकीय आस्थापनेतील कर्मचाऱ्यास काढता येत नाही अथवा पदावनत करता येत नाही. ऐन सेवाकाळात जडणाऱ्या या आजाराच्या दृष्टीने ही तरतूद विशेष मोलाची आहे.

तथापि दोन अडचणी उरतात. पहिली अशी की, कलम ३४ मधील नोकरीतील ४ टक्के आरक्षणाच्या यादीत स्नायू-अपविकासाचा नामोल्लेख आहे, एमएसचा स्वतंत्र उल्लेख नाही. दुसरी अशी की, बहुतांश लाभ किमान ४० टक्के दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राशी जोडलेले आहेत. थकवा व विस्मरण यांसारखी न दिसणारी आणि दिवसागणिक बदलणारी लक्षणे टक्केवारीत बसविणे कठीण असते. या संदर्भात विकाश कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाचा ११ फेब्रुवारी २०२१ चा निर्णय पथदर्शक ठरला. लेखनात अडचण असलेल्या परीक्षार्थीला लेखनिक मिळण्यासाठी ४० टक्के ही पूर्वअट असू शकत नाही आणि ‘वाजवी सोयीसवलत’ हा व्यापक हक्क आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. या निर्णयानंतर केंद्र शासनाने २०२२ मध्ये त्याविषयी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना जारी केल्या.

समारोप

वय, लिंग व अनुवंश यांवर कोणाचाही अधिकार चालत नाही. परंतु निदान किती लवकर झाले, योग्य औषध कितव्या वर्षी मिळाले, धूम्रपान सुटले की नाही, रक्तदाब व मधुमेह आटोक्यात राहिले की नाही आणि कामाच्या ठिकाणी सोयी मिळाल्या की नाही, हे सारे व्यक्ती, आरोग्ययंत्रणा व समाज यांच्या हाती आहे. पहिला टप्पा ओलांडल्यावर आजाराची गती रोखणे कठीण होत जाते. त्यामुळे आरंभीच्या वर्षांत केलेला खर्च हा खर्च नसून गुंतवणूक ठरतो. जिल्हा रुग्णालयांत पहिल्या लक्षणांची ओळख पटविणारे प्रशिक्षण, एमआरआयची वेळेवर उपलब्धता, बाह्यरुग्ण औषधांना विमा-संरक्षण आणि प्रमाणपत्र देताना न दिसणाऱ्या लक्षणांची दखल या चार दिशांनी प्रयत्न झाल्यास अनेक तरुणांची कमावती वर्षे वाचविता येतील. काठीची गरज १३ व्या वर्षी भासावी की १९ व्या, हा प्रश्न आकडेवारीत लहान दिसतो. एखाद्या कुटुंबासाठी मात्र तो मुलांचे शिक्षण पूर्ण होण्याचा किंवा अर्धवट राहण्याचा प्रश्न असतो.